विहिरीचा आठवा दिवस

शेवरवाडी, ता. जामखेड
८ ऑगस्ट १९७१

तीर्थरूप मामांना दयाचा सलाम.

तुमच्या शाळेचं छप्पर अजून जागेवर आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही पहिलं तेच विचाराल. तुम्ही भिंतीवर रंगवलेलं घड्याळ अजून दहा वाजून दहा मिनिटंच दाखवतं, आणि गावातली जुनी माणसं मला अजून 'दान गुरुजींची भाची' म्हणूनच ओळखतात. इथं येऊन वर्ष झालं, तरी दया हे नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. आधी राग यायचा, आता तोही येत नाही.

या वर्षी चौथीनं मला अगदी टेकीला आणलंय. अपूर्णांक! पाव, अर्धा, पाऊण, सव्वा हे सगळं पोरांच्या तोंडात आहे. बाजारातून पाव किलो मिरची आणायला पाठवा, एक मिरची कमी घेणार नाहीत. पण फळ्यावर एक लिहून खाली रेघ मारली आणि रेघेखाली चार लिहिले, की सगळ्यांचे चेहरे कोरे. "एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश?" असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "आठवाला!" चारापेक्षा आठ मोठे, मग अजून काय पाहिजे? नव्या पुस्तकात सफरचंदाचं चित्र आहे. माझ्या वर्गातल्या एकानंही सफरचंद पाहिलेलं नाही. म्हणून मी पेरू कापला. तर भाग समान झाले की नाहीत यावरून जुंपली, आणि भांडण मिटेपर्यंत पेरू संपला होता.

एकटी विजयमाला काय ती डोकं लावते. मालनबाईची मुलगी. तिचे वडील कानिफनाथ वारले तेव्हा तुम्ही इथंच होतात, म्हणजे तुम्हाला माहीत असेलच. नवऱ्यानं लावलेल्या लिंबाच्या झाडांवर मालनबाई घर चालवते. परवा मला म्हणाली, "बाई, लिंबं हायती तवर पोरगी शिकंल. पाचवीला खर्ड्याला धाडनार हाय मी तिला." असं बोलणारी आई या गावात मला दुसरी भेटलेली नाही.

तर मामा, तुम्ही कसं शिकवत होतात ते लिहा. मामींना सलाम. एलियाला म्हणावं, कृषी विद्यापीठात नोकरी लागली म्हणून बहिणीला पत्र लिहू नये असा काही नियम नसतो.

तुमची,
दया

---

राहुरी
२० ऑगस्ट १९७१

चि. दया, मामाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या मामीनं मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय. पेरूपाशी आल्यावर ती इतकी हसली की पुढचं मला अर्धंमुर्धंच ऐकायला मिळालं.

पेरू घेतलास तिथंच चुकलीस. लिंबू घे. ते आडवं कापलं की आत फोडी दिसतात, निसर्गानंच वाटे करून ठेवलेत. आधी फोडी मोजायला लाव, मग त्यातली एक दाखवून विचार, हा कितवा भाग? दुसऱ्या लिंबात फोडी जास्त निघाल्या तर फोड बारीक होते, हे पोरं डोळ्यांनी बघतात. मग आठ मोठे म्हणून अष्टमांश मोठा असं कुणी म्हणत नाही. आणि मुख्य म्हणजे कच्चं लिंबू कुणी खात नाही. धडा संपेपर्यंत शिल्लक राहतं.

आणखी एक. उदाहरण घेताना गावातल्या वाटणीच्या वस्तूंच्या नादी लागू नकोस. शेत नको, बांध नको, विहीर तर मुळीच नको. पोरं जे ऐकतात ते संध्याकाळी घरी जाऊन बोलतात. का, ते विचारू नकोस. म्हाताऱ्यानं सांगितलं म्हणून ऐक.

विजयमाला हुशार निघाली हे वाचून बरं वाटलं. बाप शांत होता, पण डोकं होतं. तिच्याकडं लक्ष दे.

एलियाला सांगितलं. लाजल्यासारखं केलं त्यानं. लिहीलसं वाटत नाही.

मामा

---

शेवरवाडी
३ ऑक्टोबर १९७१

तीर्थरूप मामा, सलाम.

रागावू नका. लिंबं कापली, फोडी मोजल्या, तुमचं सगळं ऐकलं. चार पोरांना कळलं. बाकीच्यांनी हात आंबट करून घेतले. शेवटी मी तुमचं न ऐकता विहीर घेतली, आणि मामा, सगळा वर्ग एका तासात पार झाला!

तुमचा वाडीतल्या थोरल्या विहिरीवर एवढा राग का, मला कळलं नाही. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरचं पाणी तिथूनच येतं. मोटेची पाळी कुणाची, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. आठ दिवसांची फेरी. आधी छगनरावांचे दोन दिवस, मग त्यांचे चुलतभाऊ आप्पासाहेब यांचे तीन, मग एक दिवस विहीर बंद, आणि त्यानंतर मालनबाईचे दोन. मालनबाई म्हणजे छगनरावांची विधवा भावजय. छगनरावांचा मच्छिंद्र माझ्याच वर्गात आहे. त्यानं स्वतः येऊन फळ्यावर आठ चौकोन काढले. दोन अष्टमांश, तीन अष्टमांश, दोन अष्टमांश. "बाई, रेघंच्या खाली सगळी फेरी आन वर ज्याचं त्याचं दिस!" असं तो ओरडला, तेव्हा मला त्याला उचलून घ्यावंसं वाटलं. आजवर ज्याच्या पाटीवर उलटा तीन निघायचा, तो हा मुलगा.

मग मी बेरीज करायला लावली. सात अष्टमांश आले. मी म्हटलं, सगळे भाग मिळून पूर्ण झालं पाहिजे. आठाचे आठ आले पाहिजेत. विजयमालानं बोट वर केलं. "बाई, एक अष्टमांश कुनाचा?" पोरं म्हणाली, तो विहिरीचा दिवस, त्या दिवशी झरे भरतात. मी म्हटलं, विहिरीला कुठं शेत असतं? तो दिवस कुणाच्या तरी वाट्यातला असणारच. घरी विचारून या.

खरं सांगू का? मला आप्पासाहेबांचा संशय येतो. गावात सगळ्यांत मोठं शेत त्यांचं. विहिरीच्या नावानं एक दिवस बाजूला काढायचा आणि पहाटे कुणी उठायच्या आत आपणच मोट हाकायची, असं असेल. एकट्या बाईचा हिस्सा मारायला काय लागतं? निदान पोरांच्या तोंडून प्रश्न तरी निघेल.

आता बोला, तुमचं लिंबू चांगलं की माझी विहीर?

दया

---

(पोस्टकार्ड)

राहुरी
८ ऑक्टोबर १९७१

चि. दया, आशीर्वाद.

पोरांना घरी विचारायला सांगितलं आहेस ते ताबडतोब माघारी घे. सोमवारीच वर्गात सांग, आठवा दिवस विहिरीचाच, बाईंचं चुकलं. कारण कार्डावर लिहिण्यासारखं नाही, तुमच्याकडचा पोस्टमन सगळी कार्डं वाचतो. भेटीत सांगेन. एवढं कर.

मामा

---

शेवरवाडी
३० ऑक्टोबर १९७१

तीर्थरूप मामा, सलाम.

तुमचं कार्ड मला परत आल्यावर मिळालं. दिवाळीच्या सुट्टीत मी नगरला आईकडं होते, आणि कार्ड शाळेच्या दाराच्या फटीत पडून राहिलं होतं. आता माघारी घ्यायला काही राहिलेलं नाही.

सुट्टीत मच्छिंद्रनं घरी विचारलं. छगनराव उठून सरळ विहिरीवर गेले. मी आले तेव्हा गावभर तीच चर्चा होती. विहिरीत आप्पासाहेबांचा निम्मा हिस्सा आहे आणि दोघा भावांचा मिळून निम्मा, हे मला तोवर माहीतच नव्हतं. म्हणजे आप्पासाहेबांचे आठात चार दिवस. ते तीनच घेत होते! छगनराव म्हणाले, "आप्पा, चौथा दिस तुमचा असंल तर तुमी मोट हाका. न्हाईतर मला द्या. विहिरीला कसला दिस?" विहीर बंद असायच्या दिवशी ते स्वतःचे बैल घेऊन धावेवर, बैल मोट ओढत उतरतात तिथं, जाऊन बसले. आप्पासाहेब म्हणे घरी गेले, आपले बैल आणले आणि मोट जोडली.

तर आता हिशेब चोख आहे. चार, दोन, दोन. मला वाटलं होतं तसं आप्पासाहेबांनी कुणाचं काही खाल्लेलं नव्हतं, आणि मालनबाईलाही तिचा पुरा पाव हिस्सा आधीपासूनच मिळत होता. मग बिघडलं काय? कुणाचंच काही गेलं नाही ना?

पण विजयमाला माझ्याकडं बघत नाही. गणित विचारलं तर बरोबर सांगते आणि खाली बघते. मालनबाई शाळेवरून जाते, पण थांबत नाही. आणि एक विचित्र गोष्ट. आप्पासाहेब त्या चौथ्या दिवशी दुपारीच मोट सोडतात. बैलाचा खांदा सुजलाय असं म्हणतात. छगनराव म्हणतात, नाटक आहे.

मला काहीतरी कळत नाहीये, मामा. कार्ड नको, पाकीट पाठवा.

दया

---

राहुरी
६ नोव्हेंबर १९७१

चि. दया, आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहितोय, मामीकडून लिहून घेतलेलं नाही. अक्षर ओळीवर नसेल, सांभाळून घे.

आप्पासाहेबांच्या बैलाला काहीही झालेलं नाही. तो खांदा सुजलेलाच राहू दे.

कानिफनाथ तापानं गेला, तेव्हा विजयमाला रांगत होती आणि लिंबाची झाडं माणसाच्या गुडघ्याएवढी होती. मालनबाईची पाळी आप्पासाहेबांच्या चार दिवसांनंतर यायची. चार दिवस मोट चालल्यावर विहिरीत राहणार काय? तिच्या दोन दिवसांत निम्मी झाडं भिजायची. कागदावर तिचा हिस्सा पुरा होता, गं. पाणी पुरं नव्हतं. एका संध्याकाळी आप्पासाहेब शाळेत आले. पोरांच्या बसकरावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "गुरुजी, माझा एक दिस तिला द्यायचाय. पन दिला असं दिसाया नगं." तरुण विधवा, आणि हे तिचे थोरले दीर. उघड दिलं असतं तर पाणी लिंबांना मिळालं असतं आणि तिचं नाव गावाच्या तोंडी गेलं असतं.

विहिरीचा दिवस ही युक्ती माझी. मी चावडीवर जाऊन सांगितलं, झरे आटत चाललेत, फेरीतून एक दिवस विहीर बंद ठेवा. गुरुजी सांगतात म्हणजे खरंच, असं समजून गाव मान्य झालं. तो दिवस मुद्दाम तिच्या पाळीच्या आदल्या दिवशी ठेवला. रात्रंदिवस पाणी चढायचं आणि सकाळी तिला भरलेली विहीर मिळायची. तिला कुणी काही सांगितलं नाही. तिला कळलं असणारच, पण तीही कधी बोलली नाही. आम्हा तिघांत यावर पुन्हा एक शब्द निघाला नाही. मी आप्पासाहेबांना तसा शब्द दिला होता, म्हणून तुलाही सांगितलं नाही.

तुला दोष देत नाही. भाग मिळून पूर्ण व्हायला पाहिजेत, हेच मीही आयुष्यभर शिकवलं. पण ऑगस्टमध्येच तुला दोन ओळी लिहिल्या असत्या तर? आणि ऑक्टोबरात तरी? घरात पाकीट नव्हतं. एलियाला पोस्टात पाठवायचं, पुन्हा डोळे ताणून पानभर लिहायचं, याचा मी कंटाळा केला आणि कार्डावर भागवलं. हे मला रोज आठवतं.

आता एवढंच कर, कुणाला काही सांगू नकोस. आप्पासाहेब दुपारी बैल सोडतात म्हणजे अर्धा दिवस तरी पाणी चढतं. निम्मी वाट अजून उघडी आहे. ती उघडी राहू दे.

मामा

---

शेवरवाडी
१६ जानेवारी १९७२

तीर्थरूप मामा, सलाम.

नाताळाला मी आले नाही आणि पत्रही लिहिलं नाही. आजारी वगैरे नव्हते. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

तुम्ही नको म्हणालात ते मी केलं. डिसेंबरात छगनराव पारावर बसून म्हणत होते की आप्पानं इतकी वर्षं दिवस दाबून ठेवला. मी मडकं भरून येत होते. इतका संताप आला! ज्या माणसानं स्वतःचं पाणी दिलं, त्यालाच चोर म्हणायचं? छगनरावांशी वाद घालायची हिंमत झाली नाही, म्हणून त्यांच्या बायकोकडं गेले. कडूबाईला मी बाजूला घेतलं आणि बाईमाणूस बाईमाणसाला सांगतं तसं सगळं सांगितलं. मला वाटलं, ऐकून तिला शरम वाटेल, ती नवऱ्याला गप्प करील. तिनं सगळं ऐकून घेतलं, पदर तोंडाला लावला आणि विचारलं, "इतकी वर्सं? आन फुकाट?"

त्या दोन प्रश्नांनंतर मला कळलं की मी काय करून बसले. पण शब्द परत कसे घेणार? संक्रांतीच्या आत गावभर झालं. काय झालं ते लिहवत नाही, तुम्ही समजून घ्या.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. आप्पासाहेबांचा चौथा दिवस होता. दुपार झाली, त्यांनी नेहमीसारखे बैल सोडायला घेतले. तेवढ्यात मालनबाई आली, विजयमालाला हाताशी धरून. ती थोरल्या दिरासमोर कधी बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. डोक्यावरून पदर ओढून ती पाठमोरी उभी राहिली आणि पोरीला म्हणाली, "विजे, आप्पास्नी सांग. दिस मावळस्तवर मोट हाका म्हनावं. आमाला आमचा पाव बास हाय."

आप्पासाहेब हाताच्या अंतरावर उभे होते. त्यांनी ते ऐकलंच होतं. तरी पोरीला सांगावं लागलं. ती माझ्याकडं एकदा बघून म्हणाली, "आप्पा, आई म्हनती, दिस मावळस्तवर मोट हाका. आमाला आमचा पाव बास हाय." वर्गात विचारल्यावर सांगते तसं, एक शब्दही न चुकता.

आप्पासाहेबांनी बैल पुन्हा जोडले. अंधार पडेस्तोवर मोट चालू होती.

मामा, तुम्ही या. तुमचं अजून इथं ऐकतात. छगनरावांशी बोला, मालनबाईशी बोला. मी गेले तर तिनं दार लावून घेतलं. लिंबं गेली तर विजयमालाची पाचवी गेली, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर आहे.

दया

---

राहुरी
५ मार्च १९७२

चि. दया, आशीर्वाद.

परत येऊन आठवडा झाला. तुझ्यासमोर मी फार बोललो नाही, कारण तू रडत होतीस आणि मलाही सुचत नव्हतं. एसटीत बसल्यावर सगळं सुचलं.

जानेवारीत तुझं पत्र आलं तेव्हाच निघायला हवं होतं. डोळ्याचं ऑपरेशन पुढं ढकलता आलं असतं. मी ते कारण धरून बसलो. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, की आप्पासाहेब म्हणतील, गुरुजी, तुमी शब्द दिला हुता. ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. मला बसायला घोंगडी टाकली, चहा दिला, धरणाच्या पाण्याची चौकशी केली. "तुमच्याकडं आता पाटाला पानी येनार म्हनं. पाळ्या कशा लावत्यात?" असंही विचारलं. मी निघताना एवढंच म्हणाले, "आता उघडं देता येत न्हाई आन झाकून देता येत न्हाई. तुमीच सांगा गुरुजी, कसं देऊ?" त्यांना युक्ती सुचवणारा मीच ना?

छगन वाईट माणूस नाही, दया. तो मला म्हणाला, "मी तिचं पानी कुठं मागितलं? त्यो दिस कुनाचा, एवढंच इचारलं." खरं आहे. त्यालाही आता झाडांकडं बघवत नाही. पण बायकोनं गावात जे पेरलं ते त्याला उपटता येत नाही.

मालनबाईनं मला घरात घेतलं. पाया पडली. पाण्याचं काढलं, तेव्हा म्हणाली, "गुरुजी, पोरीचं लगीन करायचं हाय मला ह्याच गावात ऱ्हाऊन." तिच्या बोलण्यात चूक काढायला मला जागा सापडली नाही. झाडांची पानं कडेनं वळायला लागलीत, ती मला एका डोळ्यानंही दिसली.

तू बदली मागणार असं म्हणत होतीस. मागू नकोस. निदान विजयमाला चौथी पास होईपर्यंत थांब.

मामा

---

शेवरवाडी
२९ जानेवारी १९७३

तीर्थरूप मामा, सलाम.

तुमच्या पत्रांची मी उत्तरं दिली नाहीत. एलियासुद्धा लिहून गेला, म्हणजे माझी कमालच झाली म्हणायची. मी बरी आहे. बदली मागितली नाही.

इकडचं तुम्ही पेपरात वाचतच असाल. यंदाही पाऊस झाला नाही. थोरल्या विहिरीच्या तळाला आता पोरं उतरून वाटीनं पाणी भरतात. कुणाचीच पाळी राहिली नाही. तुम्ही मागच्या पत्रात लिहिलंत, की विहीर आटायचीच होती, मग विहिरीचा दिवस असता काय आणि नसता काय. मामा, माझी समजूत काढायला लिहिलंत, ते कळलं. पण ते खरं नाही. लिंबं गेल्या उन्हाळ्यात वाळली. तेव्हा विहिरीला पाणी होतं. आप्पासाहेबांची मोसंबी दिवाळीपर्यंत हिरवी होती. भरलेल्या विहिरीशेजारी मालनबाईची झाडं मेली, आणि जूनमध्ये तिनं ती सरपणाला तोडली. त्याच महिन्यात खर्ड्याची शाळा सुरू झाली आणि विजयमाला गेली नाही. चौथीला वर्गात पहिली आली होती. निकालाचा कागद न्यायला आईबरोबर आली होती, तेवढंच.

आता दोघी दुष्काळी कामावर आहेत, खर्ड्याच्या रस्त्यावर खडी फोडायला. काल रविवार होता. सकाळी एकटीनंच प्रार्थना केली आणि चालत तिकडं गेले. काय करायला गेले, मलाही सांगता येणार नाही. मनात होतं, मालनबाईला म्हणावं, पोरीला माझ्याकडं राहू दे, मी शिकवीन, खर्ड्याला पाठवीन. मी तसं म्हटलंसुद्धा. मालनबाई हातातली हातोडी खाली न ठेवता म्हणाली, "नगं बाई. तुमी चांगल्या हायसा. पन आता कुनाचं घ्यायचं न्हाई." रागानं नाही, अगदी शांतपणे.

मी परत फिरले, तर विजयमाला माझ्यामागं आली. हात पांढरे झालेले, डोक्याला फडकं. वर्षभरात ती माझ्याशी आपणहून बोलली नव्हती. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, आणि बोलावंच. मी उभी राहिले. पोरगी जवळ आली आणि माझ्याकडं बघून हसली, मामा. बाईंचा चेहरा बघून तिलाच माझी कीव आली असावी. म्हणाली, "बाई, एक सांगू का? आता बेरीज पुरी येती. आप्पाचं चार, काकाचं दोन, आमचं दोन. आठाचं आठ. तुमी म्हनला हुता ना, पुरी याया पायजे म्हनून?"

तिला मला बरं वाटवायचं होतं. तिच्याकडं दुसरं काही नव्हतं द्यायला.

आणि माझ्या तोंडून, वर्गातल्या सवयीनं, "शाब्बास" निघून गेलं.

तुमची,
दया